पहिल्या नंबरापेक्षा मोठी ढाल

आमच्या भागातल्या एका शिक्षणसंस्थेने डोंगरातल्या एका छोट्या शाळेच्या मुलींना लेझमाच्या स्पर्धेत फसवलं. फसवणारे संस्थेचे सेक्रेटरी होते, त्यांना सगळे आबा म्हणत. फसलेल्या मुली आंबेगावच्या पश्चिमेच्या, धरणाच्या वरच्या अंगाच्या. आणि ज्या वस्तूने फसवलं, ती माझ्या दुकानात, माझ्या हाताने तयार झाली होती. संपादकांनी मला ‘तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा’ असं सांगितलं आहे. गमती मधेमधे येतीलच. पण मी कशासाठी लिहायला बसले ते आधी सांगून टाकलेलं बरं.

माझा धंदा ढाली, कप, पदकं आणि सन्मानचिन्हं विकण्याचा. दुकान जुन्नरच्या बाजारपेठेत, भांडीवाल्यांच्या ओळीत. माहेर माझं कळंबचं, शिक्षण सातवीपर्यंत, नवरा एसटीत कंडक्टर. त्यांचा स्वभाव गरीब, माझा नाही. सुरुवात मी भांड्यांवर नावं टाकण्यापासून केली. शेजारच्या भांडीवाल्याकडे ते मशीन होतं आणि ते चालवणारा माणूस लग्नसराईतच नेमका दांड्या मारायचा. मी म्हटलं, मला द्या. ते मशीन म्हणजे विजेवर चालणारी लोखंडी पेन्सिल. हातात धरली की कोपरापर्यंत मुंग्या येतात आणि चुकलं की खोडता येत नाही. अक्षरावर भाव असायचा. एकदा एक आत्याबाई भाचीच्या लग्नाचा हंडा घेऊन आल्या. ‘आत्याकडून सप्रेम भेट’ एवढं टाकायचं होतं. भाव ऐकून म्हणाल्या, “मग सप्रेम काढ. नुसतं भेट ठेव.” मी तीन अक्षरं कमी केली. भाव कमी केला नाही. भाव मी कोणालाच कमी करत नाही, हे जुन्नरच्या बाजारात विचारा.

भांड्यांवरून ढालींवर आले ती बैलगाड्यांच्या शर्यतींमुळे. यात्रेच्या दिवसांत जुन्नर-आंबेगाव दोन्ही तालुक्यांत गावोगाव शर्यतींचे घाट भरायचे आणि प्रत्येक कमिटीला कप लागायचे. पुण्याहून आणायचे तर भाडं पडायचं, आणि नाव चुकलं तर परत पुण्याला जायचं. मी कप ठेवायला लागले, नाव इथेच टाकून द्यायला लागले. बैलगाडावाल्यांशी मला कधी त्रास झाला नाही. भोंग्यावरचा माणूस प्रत्येक बैलजोडीचं इतकं कौतुक करतो की ऐकणाऱ्याला वाटावं सगळेच पहिले आले. पण नंबर ठरतो घड्याळावर. भोंगा भोंग्याच्या जागी, घड्याळ घड्याळाच्या जागी. घड्याळ दाखवलं की माणूस खाली बसतो, आरडाओरडा करत का होईना.

शाळा आणि संस्था गिऱ्हाईक झाल्या तेव्हा मला कळलं की घड्याळ नसलेलं कौतुक हा किती वाईट माल आहे.

संस्थावाल्यांना ढालीवर इंग्रजी पाहिजे असायचं. मराठीत ‘गौरव’ लिहिलं की त्यांना ते लग्नाच्या आहेरासारखं वाटायचं. मला इंग्रजी अक्षरं काढता यायची, अर्थ यायचा नाही. मागच्या गल्लीत शेख सर राहायचे, इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. ते संध्याकाळी दुकानात येऊन बसायचे. चहा माझा, शब्द त्यांचे, असा आमचा न बोललेला करार होता. सर तिरसट होते. चुकीचा शब्द दिसला की गिऱ्हाईकासमोरच बोलायचे आणि मला ऑर्डर सांभाळत बसावं लागायचं.

एका शाळेने डिक्शनरीतून शोधून ‘लॉडेबल’ असा शब्द आणला होता. ऐकायला भारदस्त. सर म्हणाले, “लॉडेबल प्रयत्नाला म्हणतात हो, हेतूला म्हणतात. पोरगा विहिरीत पडलेली शेळी काढायला उतरला आणि शेळीबरोबर तोही अडकून बसला, तर ते लॉडेबल. शेळी वर आली असेल तर दुसरा शब्द बघा.”

त्या शाळेचे मास्तर बिचकले. म्हणाले, “मग प्रेझवर्दी टाका.”

“प्रेझवर्दी म्हणजे कौतुकाला लायक. तुमचा मुलगा लग्नाला लायक झालाय म्हणजे लग्न झालं का?”

“ॲडमिरेबल?”

“चुलतभावाचा बंगला ॲडमिरेबल असतो. रस्त्यावरून बघायचा, वा म्हणायचं, पुढे जायचं. आत बोलावलंय कोणी?”

शेवटी मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, “वहिनी, तुम्हीच सांगा ना काहीतरी स्वस्तातलं.”

अशा बसण्यातून मला त्या शब्दांच्या पायऱ्या पाठ झाल्या. एक्सलन्स म्हणजे बाकीच्यांच्या वर. त्याला खाली कोणीतरी असावं लागतं. मेरिट म्हणजे कमावलेलं, तोललेलं. त्याच्यामागे मार्क असतात. ॲप्रिसिएशन म्हणजे आभार. ते देणगीदाराला, मांडववाल्याला, फुकट तपासणाऱ्या डॉक्टरला. त्याच्यात गुण-अवगुणाचा प्रश्नच नाही. कन्सोलेशन म्हणजे रडू नको. आणि कमेंडेशन. या शब्दाबद्दल सर जे बोलले होते, ते मी इथे नीट लिहिते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

सर म्हणाले होते, “कमेंडेशन वरच्याने खालच्याला द्यायचं असतं. साहेब शिपायाला कमेंड करील, शिपायाने साहेबाला केलं तर नोकरी जाईल. इंग्रजांच्या फुलांच्या प्रदर्शनात पहिला, दुसरा, तिसरा नंबर वाटून झाला आणि तरी एखादं फूल बरं दिसलं, की त्याच्यापुढे ‘हायली कमेंडेड’ अशी चिठ्ठी लावतात. म्हणजे तू छान आहेस, पण नंबरात नाहीस. जिंकलेल्याला कोणी कमेंड करत नाही. जिंकलेल्याला जिंकलास म्हणतात.”

माझा स्वतःचा एक नियम होता, तो मला इंग्रजीविना येत होता. वडील मंचरच्या बाजारात बटाटे घेऊन बसायचे तेव्हा मी शेजारी बसायची. “लहान हाय, माती लई हाय, कोंब आलाय,” असं म्हणणारा माणूस पिशवी उघडतो. “वा, काय बटाटा हाय!” म्हणणारा पुढे निघून जातो. मालाला नावं ठेवील तो घेणार, वाखाणील तो चालला. एवढ्या वर्षांत हा नियम मला कधी खोटा पडला नाही.

आता लेझमाचं.

त्या संस्थेच्या मैदानावर दर हिवाळ्यात दोन्ही तालुक्यांतल्या शाळांची लेझीम स्पर्धा व्हायची. पहिल्या नंबराला फिरती ढाल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: फिरती ढाल म्हणजे मोठी लाकडी ढाल, मधे चांदीचं पाणी दिलेला पत्रा, आणि कडेने छोट्या छोट्या कोऱ्या पट्ट्या. दर वर्षी जिंकणाऱ्याचं नाव एका पट्टीवर टाकायचं, ढाल वर्षभर त्या शाळेत राहते, मग परत येते. आणि जी शाळा सलग तीन वर्षं जिंकेल तिची ती कायमची. ही रीत सगळीकडे आहे, या स्पर्धेच्या पत्रकातही दर वर्षी छापलेली असायची. ढाल आबांच्या वडिलांच्या नावाने होती. ती बनवली मी, आणि पट्टीवर नाव टाकायला मशीन घेऊन दर वर्षी मीच जायची. स्टेजच्या बाजूला वायर ओढून टेबल मांडून बसायचं, निकाल जाहीर झाला की तिथल्या तिथे नाव कोरायचं आणि मग ढाल पाहुण्याच्या हातात द्यायची. लोकांना ती टर्रटर्र ऐकायला आवडायची.

डोंगरातल्या त्या शाळेच्या मुली पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्याकडे कोणी बघितलंही नाही. गाव धरणात गेलेलं, वर सरकून वसलेलं. शाळा आठवी ते दहावीची, पण खोल्या दोनच. त्यांचे गवारी गुरुजी स्वतः हलगी वाजवायचे. बाकीच्या शाळांना बँड, त्यांना एकटी हलगी. पण त्या मुली खाली बसून, वळून, उठून परत बसताना लेझमाचा एकच आवाज यायचा. एवढ्या जणींचा एक. माझ्या टेबलाजवळ भेळवाला उभा होता, तो हातातलं माप तसंच धरून बघत राहिला. त्या वर्षी त्या जिंकल्या. दुसऱ्या वर्षीही.

दुसऱ्या वर्षी ढाल परत आणली तेव्हा मी बघितलं तर पत्र्याचं पाणी कडेने गेलेलं. त्यांची पुढारी अलका नावाची मुलगी, नववीतली, काटक आणि तोंडाची फटकळ. मी तिच्यावर ओरडले, “कशाने घासली गं ही?”

“चिंचंनी. मंग राखंनी.”

“अगं, हे चांदीचं पाणी आहे, तुझ्या आईचा तांब्या नाही!”

“काळी पडली व्हती, ताई.”

“मग माझ्याकडे आणून द्यायची.”

“तुमी पैशे घेता,” ती म्हणाली. मला राग आला आणि हसूही आलं. भाव करायला या मुलीला शिकवावं लागणार नाही, असं मनात आलं.

तिसरं वर्ष लागलं. गुरुजी मधे एकदा दुकानात येऊन गेले. वर्गाच्या भिंतीत फडताळ केलंय, त्याला काच बसवलीय, ढाल आता परत द्यायची वेळ येणार नाही असं पोरी म्हणतात, असं हसत सांगून गेले. गावातल्या माणसांनीच कोनाडा खोदून दिला होता. धरणाने जे नेलं ते नेलं, आता या गावात कायमचं म्हणून काहीतरी येणार होतं, ते सगळ्यांना पाहिजे होतं.

स्पर्धेच्या थोडं आधी आबा स्वतः दुकानात आले. एरवी त्यांचा क्लार्क यायचा. आबा म्हणाले, “ताई, एक शिल्ड करा. चांगलं मोठं. फिरत्या ढालीपरीस मोठं दिसलं पाहिजे.”

“कोणाला द्यायचंय?”

“आमच्या शाळेत लेझीम शिकवणारे निवृत्त व्हत्यात. त्यांचा मान.”

“मग ॲप्रिसिएशन टाकू. निरोपाला तोच शब्द असतो.”

“तसलं नको. जरा वरचं पाहिजे. ऐकणाऱ्याची छाती फुगली पाहिजे. पण नंबरबिंबर कायी नको त्याच्यात.”

सर कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, “मग स्पेशल कमेंडेशन. तुम्ही वरचे, ते खालचे. बसतंय.”

“हां, हां. ते टाका. आन् नावाची जागा कोरी ठिवा, नाव आमी बघू.”

मी भाव सांगितला. दरवर्षी फितीच्या रंगावरून माझ्याशी घासाघीस करणारी ती संस्था. आबांनी भाव ऐकला, मान डोलावली आणि उठले. दुकानाच्या पायरीवरून परत वळून म्हणाले, “तुमचं काम म्हंजी काय, बघायलाच नको. उत्तम!”

ते गेल्यावर मी सरांना म्हटलं, “सर, आज हा माणूस भावावर बोलला नाही.”

सर म्हणाले, “निवृत्ती आहे हो. भावना असतात.”

स्पर्धेच्या दिवशी मैदान भरलं होतं. परीक्षक तिघे, त्यातले एक कोट घालून पुण्याहून आलेले. मुलींचा खेळ मी काय सांगू? दोन वर्षांपेक्षा चांगला झाला. बसलेल्या माणसांनी उठून टाळ्या वाजवल्या आणि आबांच्या शाळेच्या पालकांनीही वाजवल्या. आबांच्या शाळेचा संघ नेहमीसारखा होता. कपडे चांगले, बँड मोठा, आणि मधे दोघांच्या लेझमी एकमेकांत अडकल्या, त्या सोडवेपर्यंत बँड एकटाच वाजत होता.

निकालाला आबा माइकवर आले. तिसरा नंबर सांगितला, दुसरा सांगितला. मग थांबले आणि म्हणाले, “आता एका संघाबद्दल वेगळं बोलायचं हाय. परीक्षक मला म्हणले, आबा, या पोरींना आम्ही नंबर देऊच शकत न्हाई. या पोरी स्पर्धेच्या पलीकडच्या हायेत! यांना नंबरात बसवणं म्हंजी यांचा अपमान व्हईल! म्हणून संस्थेनं यांच्यासाठी खास, पहिल्या नंबरापेक्षा मोठी ढाल केलीय!”

आणि माझी ढाल वर आली. खरंच मोठी होती. उन्हात चमकत होती. मैदान ओरडायला लागलं. मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या, अलकाने ढाल डोक्यावर घेतली, गुरुजींच्या गळ्यात कोणीतरी हार घातला. तो गलका चालू असतानाच, त्याच्या आडून, आबांनी माइकमध्ये सांगितलं, “आन् प्रथम क्रमांक, आपलीच शाळा.”

त्यांच्या क्लार्कने फिरती ढाल माझ्या टेबलावर ठेवली. “ताई, टाका नाव.”

मशीन चालू होतं, माझ्या हातात थरथरत होतं. त्यांच्या नावाच्या दोन पट्ट्यांपुढची तिसरी कोरी. अक्षरं मला माहीत होती, दोन वर्षं तीच टाकली होती. मी विचारलं, “कोणाचं?”

“आता ऐकलं न्हाई का? आपल्या शाळेचं.”

मी वायर उपसली. म्हटलं, “ही पट्टी मी भरणार नाही.”

क्लार्क धावत आबांकडे गेला. आबा स्टेजवरून खाली आले, चेहऱ्यावर हसू तसंच. “ताई, लोकं बघत्यात. तमाशा नको.”

“आबा, तीन वर्षं सलग झाली. ढाल त्यांची आहे.”

“अवो, त्यांना त्याच्यापेक्षा मोठी दिली ना?”

“मोठी दिली, पण तो नुसत्या कौतुकाच्या दुकानातला माल आहे. तिच्यावर नंबर नाही.”

“तुमचंच दुकान की,” आबा म्हणाले आणि वळून गेले. ढाल तशीच, कोऱ्या पट्टीची, त्यांच्या शाळेच्या हातात गेली. लांबून कोणाला पट्टी दिसते?

मी तडक गुरुजींकडे गेले. ते घोळक्याच्या बाहेर उभे होते. त्यांना कळलेलं होतं. म्हणाले, “ताई, पाया पडतो, आज काही बोलू नका. आमची दहावीची पोरं परीक्षेला यांच्याच शाळेत बसतात. सेंटर यांचं हाय.” मी त्या माणसाशी भांडू शकले नाही. आबांशी भांडणं सोपं होतं. घरी आल्यावर आमचे कंडक्टर म्हणाले, “जाऊ दे गं, पोरी खूश आहेत ना?” त्या दिवशी मी त्यांना जेवायला वाढलं नाही.

नंतर एका बाजाराच्या दिवशी अलका आणि तिच्या दोन मैत्रिणी ढाल चादरीत गुंडाळून दुकानात आल्या. अलकाने ती काउंटरवर ठेवली. “ताई, हिच्यावर मराठीत टाका. सलग तीन वर्षं पहिला नंबर. इंग्रजी आमच्या गावात कोनाला वाचता येत न्हाई. अक्षराचे पैशे आनलेत.”

सर कोपऱ्यात होते. त्यांनी मान खाली घातली. मी मशीन हातात घेतलं नाही.

“अलका, हिच्यावर मला तसं टाकता येणार नाही.”

“का? जागा हाय की.”

“जागा आहे. पण यावर जे लिहिलंय त्याचा अर्थ पहिला नंबर असा नाही.”

“मंग काय हाय?”

सरांनी सांगितलं, “बेटा, याचा अर्थ, तुम्ही चांगलं खेळलात, आम्ही बघितलं.”

अलकाने ढालीवरच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. “मंग आमचा कितवा नंबर आला?”

“नंबर आलाच नाही,” मी म्हटलं.

“म्हंजी शेवटून पहिल्या?” तिची मैत्रीण म्हणाली आणि हसायला लागली, आणि मग तिचं हसणं बंद झालं.

अलका म्हणाली, “ते माइकवरचे बाबा तर म्हनले आमी पलीकडच्या.”

“पलीकडं म्हणजे बाहेर, पोरी,” मी म्हटलं. यापेक्षा गोड करून सांगणं मला जमत नाही.

ती रडेल असं मला वाटलं होतं. तिने चादर परत गुंडाळली. “त्यांचं हापिस कुटं हाय?”

मी दुकानाला कुलूप लावलं. धंद्याच्या दिवशी, भर बाजारात. सरही निघाले. आम्ही सगळे संस्थेच्या ऑफिसात गेलो. फिरती ढाल आबांच्या खुर्चीच्या मागे भिंतीवर लावलेली होती, वडिलांच्या फोटोखाली. आबांनी मुलींना बसवलं, चहा मागवला. म्हणाले, “काय पोरींनो? गावात मिरवणूक निघाली म्हनं!”

अलका उभीच राहिली. “बाबा, आमी पहिल्या का नाय आलो?”

“अगं, पहिला नंबर काय, दर वर्षी कोणाचातरी येतोच. कौतुक कोणाच्या नशिबी असतं? परीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं व्हतं तुमचा खेळ बघून.”

“मंग आमच्यापरीस चांगलं कोन खेळलं?”

“तसं न्हाई, पोरी. तुमची तुलनाच व्हत न्हाई.”

“तुलना व्हत न्हाई तर मंग तुमचा पहिला कसा आला?”

सर हळूच म्हणाले, “आबा, शब्द मीच दिला होता, पण तुम्ही निवृत्तीसाठी मागितला होता.”

“सर, तुम्ही इंग्रजीचे. लेझमातलं तुम्हाला काय कळतं?” आबा माझ्याकडे वळले. “ताई, हे तुमचं काम. पोरी खुशीत व्हत्या, तुम्ही त्यांच्या मनात विष कालवलं. आमी त्यांचं कौतुक केलं, आन् तुम्ही कौतुकाला नावं ठिवता?”

मी तोंड उघडणार तेवढ्यात अलकाने चादर सोडली आणि ती मोठी ढाल आबांच्या टेबलावर, चहाच्या कपांच्या मधे ठेवली.

“मंग हे कौतुक तुमी ठिवा. आमाला आमचा नंबर द्या.”

आबांनी शिपायाला हाक मारली. आम्हाला बाहेर जायला सांगितलं नाही. पुढच्या माणसाला आत बोलावलं, म्हणजे आम्ही बाहेर.

एसटी स्टँडवर मुलींना बसमध्ये बसवताना मी काहीतरी बोलायला गेले. अलका म्हणाली, “ताई, ते अक्षराचे पैशे तुमी घेतले न्हाई, ध्यानात ठिवा. नायतर म्हनाल मी बुडवले.” त्या मुलीला अशा वेळीही हिशोब चोख ठेवायचा होता.

नंतर काय झालं तेही सांगते. पुढच्या वर्षीच्या पत्रकातून तीन वर्षांची रीत गेली. कोणी विचारलं तर म्हणे, ढाल फिरती आहे, ती फिरलीच पाहिजे. मग ती फिरायचीही थांबली, कारण स्पर्धाच बंद झाली. तिसरी पट्टी त्यांनी दुसरीकडून भरून घेतली. मी जाऊन बघून आले आहे, अक्षरं वाकडी आहेत. संस्थेचं काम माझ्याकडून गेलं, आणि पाठोपाठ त्यांच्या मेहुण्या-पाहुण्यांच्या पतपेढ्यांचंही. ते जाऊ दे, धंदा येतो-जातो. आता तर कॉम्प्युटरवर स्टिकर काढून चिकटवतात आणि एका तासात कोणीही ‘आउटस्टँडिंग’ होतो. पण त्या मोठ्या ढालीचं काय केलं त्यांनी? तिची पट्टी बदलली आणि एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला त्याला दिली. फोटोत मी ओळखली. माझं लाकूड मी ओळखते.

संस्थेतली माणसं मला भेटली की म्हणतात, “ताई, एवढ्याशा लेझमावरून किती वर्षं धरून बसणार?” एवढंसं? पन्नास उंबऱ्यांच्या गावात जे कायमचं येणार होतं ते तुम्ही खुर्चीच्या मागे लावलंत. चोरी करून नाही. चोराला लाज असते, तो रात्रीचा येतो. तुम्ही भरदिवसा, माइकवरून, टाळ्या वाजवत नेलंत, आणि ज्यांचं नेलं त्यांनाच टाळ्या वाजवायला लावल्यात. शिव्या देऊन नेलं असतंत तर त्या मुली त्याच दिवशी भांडल्या असत्या आणि मी त्यांच्या पुढे असते. कौतुक केलंत म्हणून त्यांना कळायलासुद्धा बाजाराचा दिवस उजाडावा लागला.

मागच्या वर्षी मंचरच्या स्टँडवर अलका भेटली. दोन मुलांची आई आहे, सासरी शेती बघते, गावातल्या मुलींचं लेझीमही बसवते. मला म्हणाली, “ताई, त्या कोटवाल्यानं मार्क दिले असतील की कायतरी. तुमी इचारलं का कधी?”

मी विचारलं होतं. आबांनी उत्तर दिलं नाही. म्हणून आता इथे, छापील, सगळ्यांच्या देखत विचारते. आबा अजून त्या खुर्चीत आहेत. परीक्षकांपैकी दोघे हयात आहेत, आणि त्यातले एक अजून शाळाशाळांत जाऊन नंबर देतात. तुम्हा तिघांपैकी कोणीही उत्तर द्या. या अंकाकडे लिहून पाठवा नाहीतर माझ्या दुकानात या. मुली छान खेळल्या, डोळ्यांत पाणी आलं, त्यांना तोड नाही, हे काही लिहू नका. ते आम्ही ऐकलं आहे. त्या वर्षी त्या मैदानावर पहिला नंबर कोणाचा होता? शाळेचं नाव लिहा, खाली सही करा.